एक प्यादं सोडावं का?

गेला महिनाभर आमच्या घरात एकाच गोष्टीवरून वाद चालला होता. संध्याकाळची जेवणं आमच्याकडे दिवस मावळायच्या आत उरकतात, त्यामुळे वाद घालायला वेळही भरपूर मिळतो. लेक चौदा वर्षांची आहे, बुद्धिबळ खेळते, आणि जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत ‘किंग्ज गँबिट’ खेळायचं तिच्या मनात होतं. तिचे सर नको म्हणत होते, तिचे बाबा नको म्हणत होते, सासूबाईंना त्यातला एक शब्दच पटत नव्हता. आणि मी पोळ्या लाटता लाटता चौघांचंही ऐकत होते.

ज्या मैत्रिणींना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पांढरी सोंगटीवाला पहिल्या चालीत राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो. काळाही तेच करतो. आता पांढरा राजाशेजारच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढे नेऊन ठेवतो, अगदी काळ्याच्या तोंडासमोर. घे, खा! काळ्यानं ते खाल्लं, की त्याचं मधलं प्यादं बाजूला सरकतं, पटाचा मध्य पांढऱ्याला मोकळा मिळतो आणि पुढे हत्तीला सरळ वाट उघडते. ही झाली कमाई. किंमत अशी, की एक प्यादं गेलं, आणि जे पुढे गेलं तेच राजाच्या कुशीतलं राखणदार होतं. आता तिरक्या वाटेनं शत्रूचा वजीर थेट राजाला शह देऊ शकतो.

‘गँबिट’ हा शब्द मूळ इटालियन. पायात पाय घालून पाडणं, असा त्याचा अर्थ. स्पेनच्या रुय लोपेझनं 1561च्या आपल्या पुस्तकात तो बुद्धिबळात आणला. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कुस्तीतली टांग सगळ्यांनी पाहिलेली असते. टांग मारणाऱ्यालाही क्षणभर एका पायावर उभं राहावं लागतं. डाव फसला तर तोच खाली.

लेकीला हे वेड लागलं ते एका जुन्या डावामुळे. 1851मध्ये लंडनला अँडरसन आणि किझरिट्स्की यांच्यात झालेला हा डाव ‘अमर डाव’ म्हणून ओळखला जातो. अँडरसननं सुरुवातीला हेच प्यादं सोडलं. चौथ्या चालीला त्याचा राजा शहामुळे हलला आणि किल्लेकोटाचा हक्क गेला. पुढे त्यानं एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, वजीरसुद्धा दिला, आणि उरलेल्या एका उंटानं नि दोन घोड्यांनी मात केली. हा डाव तिनं जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा मांडलाय, की आता मलाही तो निम्मा पाठ आहे.

“अगं, पण तो हरणारा नीट खेळला असता तर?” हे तिच्या बाबांचं. ते दुकानदार माणूस, त्यांना आकडा दिसल्याशिवाय पटत नाही. त्यांनी फोनवरच्या इंजिनात ती चाल घातली. एरवी सुरुवातीला पांढऱ्याकडे किंचित झुकलेला आकडा तिथे काळ्याकडे जातो, आमच्या फोनवर साधारण अर्ध्या प्याद्याइतका. “बघ, दुसऱ्याच चालीला तोटा. असा माल कोण घेतं?”

लेकीकडे उत्तर तयार होतं. “बाबा, माझ्यासमोर इंजिन बसणार नाहीये. माझ्यासारखीच एक मुलगी बसणार आहे, आणि तिचंही घड्याळ पळत असणार आहे.”

तिनं आणखी एक दाखला दिला, तो मला फार आवडला. 1960मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताच्या स्पर्धेत सतरा वर्षांचा बॉबी फिशर याच गँबिटसमोर बोरिस स्पास्कीकडून हरला. पुढच्या वर्षी त्यानं एक लेखच लिहिला, की ही सुरुवात मोडीत निघाली आहे, काळ्यानं नीट खेळलं तर पांढरा हरणारच. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत, 1963-64 साली, लॅरी इव्हान्सविरुद्ध फिशर स्वतःच पांढऱ्याकडून किंग्ज गँबिट खेळला आणि जिंकलाही. त्या स्पर्धेत तर त्यानं अकरापैकी अकरा डाव जिंकले होते. “म्हणजे ज्यानं हिचा निकाल लावला त्यालाही ती खेळावीशी वाटलीच ना?” लेक म्हणाली. बाबा म्हणाले, “तो फिशर होता.” वाद तिथेच थांबला, पण त्या रात्रीपुरताच.

सरांचं म्हणणं वेगळं होतं, आणि मला वाटतं तेच सगळ्यांत विचार करण्यासारखं होतं. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या माणसानं इथे या खेळासाठी आयुष्य वेचलं, भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या खेळाडू याच मातीतल्या. त्यामुळे इथले शिक्षक उगाच घाबरवत नाहीत. सर म्हणाले, “चाल वाईट आहे म्हणून मी नको म्हणत नाही. हिचे सरावाचे डाव बघा. प्यादं सोडते झोकात, आणि पुढच्या दहा चाली तेच परत मिळवायला धावते. घोडा तिकडे, वजीर तिकडे. ज्यासाठी प्यादं दिलं ते सगळं बाजूला राहतं. मग ते प्यादंही मिळत नाही आणि हल्लाही होत नाही.”

घरी आल्यावर लेक जरा रुसलेलीच होती. ती सासूबाईंना समजावून सांगायला लागली, “आजी, याला प्याद्याचा बळी देणं म्हणतात…”

“बळी हा शब्द या घरात नको.” सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली.

“बरं, दान म्हणू?”

“दान कसलं? परत काहीतरी मिळावं म्हणून देतेस ना? फळाची आस ठेवून दिलं ते दान नव्हे.”

“मग म्हणू तरी काय?”

“भांडवल म्हण.”

आम्ही सगळे हसलो. पण सासूबाई पुढे जे बोलल्या ते मी लग्नाला अठरा वर्षं झाली तरी कधी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांनी कापडाचं दुकान टाकलं तेव्हा सासूबाईंनी आपल्या पाटल्या मोडायला दिल्या होत्या. दुकान चालेल याची काही खात्री नव्हती. पहिली तीन-चार वर्षं जेमतेम भाडं निघायचं. प्रत्येक लग्नात बायका हाताकडे बघायच्या. “पण मी यांना एकदाही विचारलं नाही, की माझ्या पाटल्या कधी करणार. तेवढं विचारलं असतं ना, तर यांनी गल्ल्यातले पैसे काढून आधी पाटल्या केल्या असत्या आणि दुकानात माल भरायला काही उरलं नसतं.”

लेक गप्प झाली. सर जे सांगत होते तेच हे होतं.

मग सासूबाई उठता उठता म्हणाल्या, “आणि पाटल्या चार होत्या. मी दोनच दिल्या.”

मैत्रिणींनो, माझ्या मते जोखमीचा सगळा हिशेब एवढ्यात येतो. सोडायचं ते मोजून सोडावं, गेलं तरी घर उभं राहील इतकंच. आणि एकदा सोडलं की नजर त्याच्यावर ठेवू नये, त्यानं जी वाट मोकळी झाली तिच्यावर ठेवावी. आपण बायका यातलं पहिलं उत्तम करतो. दुसरं अवघड जातं. नोकरी सोडलेली असते, शहर सोडलेलं असतं, आणि पुढची कित्येक वर्षं मन तेच सोडलेलं घर मोजत राहतं.

स्पर्धा सात फेऱ्यांची होती. पहिल्या दोघींना राज्य स्पर्धेत जायला मिळणार होतं. सहा फेऱ्यांनंतर लेकीचे साडेचार गुण, शेवटच्या फेरीत समोरच्या मुलीचे पाच. बरोबरी झाली तर तिसरा-चौथा नंबर आणि एखादं बक्षीस. पुढे जायचं तर जिंकायलाच हवं होतं. आणि सोंगट्या पांढऱ्या मिळालेल्या. मधल्या सुट्टीत दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाता खाता तिनं सरांना विचारलं. सर म्हणाले, “आज जिंकण्याची गरज तुला आहे, तिला नाही. खेळायचा तर दिवस हाच आहे. पण प्याद्यामागे धावायचं नाही.” बाबांनी दुकानातून फोन केला, “बरोबरीत राहा, बक्षीस तरी मिळेल.” माझ्याकडे तिनं पाहिलं. मी पाण्याची बाटली भरून दिली.

ती गँबिट खेळली. आणि गंमत अशी, की समोरच्या मुलीनं दहा मिनिटं विचार करून ते प्यादं खाल्लंच नाही! उंट बाहेर काढला, असा की पांढऱ्या राजाला किल्लेकोट करायची वाटच बंद. यात एक सापळाही असतो. पांढऱ्यानं घाईनं मधलं प्यादं खाल्लं, तर काळ्या वजिराचा शह बसतो आणि मग कोपऱ्यातला हत्ती तरी जातो, नाहीतर मात तरी होते. लेकीला तो ठाऊक होता. तिनं शांतपणे घोडा काढला. डाव अडीच तास चालला, शेवटी दोघींकडे एकेक हत्ती आणि तीन-तीन प्यादी उरली. बरोबरी. लेक चौथी आली.

घरी बाबा म्हणाले, “शेवटी बरोबरीच झाली. साधं खेळली असतीस तरी झाली असती.” ती जिंकली असती तर याच बाबांनी गल्लीभर पेढे वाटून गँबिटचं कौतुक केलं असतं. मला दोन्ही पटत नाही. जे प्यादं कोणी घेतलंच नाही, त्याच्या निकालावरून ते देणं शहाणपणाचं होतं की नव्हतं हे कसं ठरवायचं? त्या दुपारी तिला जिंकायची गरज होती, समोर काय येऊ शकतं ते तिला माहीत होतं, आणि हरली असती तर एक स्पर्धा गेली असती, वर्ष नाही. मला तेवढं पुरेसं वाटतं.

सरांशी बोलून आता असं ठरलंय, की रोजच्या खेळाला इटालियन सुरुवात आणि जिथे जिंकायलाच हवं तिथे गँबिट. उंट बाहेर काढणाऱ्या मुलींसाठी तिनं वहीत नवीन पान सुरू केलंय. त्या पानावर वरच्या बाजूला पेन्सिलीनं ‘भांडवल’ असं लिहिलेलं मी काल पाहिलं. सासूबाईंना अजून दाखवलेलं नाही.