काकडांची सोबत

पहिल्या पावसाच्या सुमाराला कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारांत ठाकूर आणि कातकरी बाया शेवळे या रानभाजीच्या जुड्या मांडून बसतात. जांभळट तपकिरी, टोकाला निमुळते कोंब, आणि शेजारी काकडांच्या हिरव्या आंबट फळांचे वाटे. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. वरचे आवरण सोलून, आतला पिवळा भाग टाकून, काकडांच्या रसात ती शिजवली नाहीत तर घसा खवखवतो. ज्याला ही रीत ठाऊक नाही तो एका घासात शेवळांना नावे ठेवेल. दोष भाजीचा नसतो, सोबत हुकलेली असते. परदेशी राहायला गेलेल्या माणसाचे तिथल्या जेवणाशी जमत नाही, तेव्हाही पुष्कळदा हेच घडते. पदार्थ तो विकत आणतो. तो कशाबरोबर, कोणत्या वेळी, किती खायचा, हे शेजारचे शहाणपण मात्र बाजारातच राहते.

यावर कोणी म्हणेल, जीभ लहानपणी घडते, ती अशी वळत नाही. त्याने कर्जत स्थानकावरचा वडा मधोमध फोडून पाहावा. भोर घाटाचा रेल्वेमार्ग 1863 साली सुरू झाला. घाट चढायला इथे गाडीला मागून बँकर इंजिने जोडतात, आणि त्या थांब्यात वड्याने नाव कमावले. त्यातला बटाटा आणि मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीज अमदानीत आपल्याकडे रुळलेली. बटाटा आणि पाव हे शब्दही पोर्तुगीजच. विहिरीत पाव टाकला की पाणी पिणारे बाटले, असे मानण्याचा काळ याच कोकणपट्टीने पाहिला. तोच पाव आज वड्याला पोटाशी धरतो. परक्या बटाट्याला हळद, लसूण आणि बेसनाचे कवच मिळाले, आणि तो आपला झाला. साबुदाणा तर दक्षिण अमेरिकेतल्या कंदाचा, तरी आपल्या उपवासाला चालतो.

याला शतके लागली, एका माणसाच्या हाती एकच आयुष्य, हा आक्षेप खरा आहे. पण कर्जतच्या याच रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांकडे पाहा. 1948 नंतर त्यांच्यातली बहुसंख्य माणसे इस्रायलला गेली. भाषा नवी, हवा नवी, बाजार नवा. तरी एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने होणारा मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे, त्यांनी सोडला नाही. नवे शिकायला जुने टाकावे लागत नाही, हे त्यांनी एका हयातीत दाखवले. आजारपणात किंवा सणाला आमटीभाताची ओढ लागते, तीही खोटी नव्हे. ती ओढ जपावी. मात्र तिच्या आधाराने समोरच्या ताटाला दार लावून घेऊ नये. तसे करणारा उपाशी राहत नाही, पण शेजाराला मुकतो, कारण माणसे एकमेकांच्या घरी शिरतात ती बहुतेक स्वयंपाकघराच्या वाटेने. म्हणून परदेशी निघणाऱ्याने लोणच्याच्या बरणीबरोबर तिथल्या भाषेतला एक प्रश्न पाठ करून न्यावा आणि तो भाजीवाल्याला, शेजारणीला न लाजता विचारावा : हे तुम्ही कशाबरोबर खाता?