ऋण काढून विहीर

इंदुरात रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असेल. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षे. रेल्वेसाठी लागणारी जमीनही संस्थानाने विनामूल्य दिली. त्या पैशातून खांडवा-इंदूर हा मीटरगेज मार्ग झाला आणि पाताळपाणीच्या घाटातून गाडी वर आली. हिशेबाने पाहिले तर वर्षाला साडेचार लाख व्याजाचे हे कर्ज 1971 पर्यंत चालायचे. ऋणको 1947 मध्ये देश सोडून गेला आणि धनको संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झाले. कागदावरची मुदत शिल्लक असताना कागदावरचे दोन्ही पक्ष नाहीसे व्हावेत, हा प्रसंग हिशेबनीसाच्या दृष्टीने मोठा मौजेचा आहे. रूळ मात्र राहिले.

हे आठवण्याचे कारण असे की ज्या शहराच्या दरबाराने एके काळी सरकारला कर्ज दिले, त्याच शहराच्या नगर निगमाने 2023 च्या फेब्रुवारीत नागरिकांपुढे कर्जासाठी हात पसरला. ‘हात पसरला’ हा शब्दप्रयोग माझा नव्हे, आमच्या आळीतील सायंकालीन बैठकीतला. आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत कर्ज या शब्दालाच एक सुतक असते. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपण इतक्यांदा ऐकलेली असते की ऋण काढून विहीरही खणता येते हे ध्यानातच राहत नाही. माझी उभी नोकरी राज्य शासनाच्या वित्त विभागात, बहुतांशी नगरपालिकांचे हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे सण कोणता आणि विहीर कोणती, हे पाहण्याची खोड लागली आहे.

इंदूरचे दुखणे पाण्याचे. माळव्याचे पठार उंच, नद्या लहान. बिलावली, सिरपूर हे तलाव, पुढे गंभीर नदीवरचा यशवंतसागर, एवढ्यावर शहर जगत होते. 1970 मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी इंदूरकरांनी आंदोलन केले आणि 1978 मध्ये नर्मदा शहरात आली. ‘आली’ हे क्रियापद मात्र फसवे आहे. मंडलेश्वरजवळ जलूद येथे नर्मदेचे पात्र समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटरवर, इंदूर साडेपाचशेवर आणि मधला विंध्याचा घाट त्याहूनही उंच. सुमारे 70 किलोमीटर अंतरावरून हे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवावे लागते. आपण सकाळी नळाखाली बादली लावतो, ती डोंगर चढून आलेल्या पाण्याने भरते. त्या चढणीचे विजेचे बिल दर महिन्याला कोटींच्या घरात जाते आणि पाणीपट्टीतून ते निघत नाही.

या बिलावर उपाय म्हणून जलूद येथे 60 मेगावॅटचा सौर वीज प्रकल्प उभारायचा आणि त्यासाठी 244 कोटींचे हरित रोखे काढायचे, असा निगमाचा बेत होता. यापूर्वी 2018 मध्येही निगमाने 139.90 कोटींचे रोखे काढले होते, पण ते बँका आणि संस्थांसाठी होते. या वेळी प्रथमच सामान्य माणसालाही दार उघडले. एका रोख्याची किंमत 1000 रुपये. त्याचे 250 रुपयांचे चार भाग. पहिला 3 वर्षांनी परत, मग 5, 7 आणि 9 वर्षांनी. व्याज 8.25 टक्के, दर सहा महिन्यांनी. मागितले 244 कोटी, अर्ज आले जवळजवळ 720 कोटींचे.

आमच्या शेजारच्या माई, शाळेतून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरी उलटलेल्या. त्या वृत्तपत्राची घडी हातात घेऊनच आल्या. “भाऊ, घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, कचऱ्याचे वेगळे भरतो. आता वरून उधारही द्यायची का यांना?”

मी म्हटले, “माई, कर दिला की तो गेला. हे परत येणार आहे, व्याजासकट.”

“कशातून?”

प्रश्न एका शब्दाचा होता, आणि माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत तपासलेल्या कर्जप्रकरणांपैकी निम्म्यांत तो कोणी विचारलाच नव्हता. एक लहान नगरपालिका आठवते. बसस्थानकालगत दुकानांचे संकुल बांधण्यासाठी तिने कर्ज घेतले. इमारत झाली, फीत कापली गेली. गाळ्यांना मात्र बोलीच येईना, कारण बाजार गावाच्या दुसऱ्या टोकाला भरत असे. जकात बंद झाल्याच्या बदल्यात राज्याकडून मिळणाऱ्या चुंगी-क्षतिपूर्तीच्या रकमेतून त्या कर्जाचा हप्ता परस्पर कापला जाऊ लागला, आणि त्याचा परिणाम सफाई कामगारांच्या पगाराची तारीख पुढे पुढे सरकण्यात झाला. कर्ज बुडाले नाही. कागदोपत्री ते प्रकरण निर्दोष होते! फेडणारे मात्र भलतेच होते.

जलूदच्या बाबतीत ‘कशातून’ या प्रश्नाला निदान कागदावर उत्तर होते. सूर्याची वीज वापरली की बिल कमी येणार आणि जे वाचेल त्यातून व्याज आणि मुद्दल जाणार. शहराने कर्ज काढावे तर असे, हे माझे मत आजही कायम आहे. अहमदाबादने 1998 मध्ये राज्य शासनाची हमी न घेता 100 कोटींचे रोखे काढले, तेही मुख्यत्वे पाण्यासाठी. व्याज मात्र 14 टक्के. हैदराबादने 2018 मध्ये 8.90 टक्क्यांनी 200 कोटी उभारले, वडोदऱ्याने 2022 मध्ये 7.15 टक्क्यांनी 100 कोटी. या आकड्यांतील फरक पाहून वडोदेकरांनी फार हुरळून जाऊ नये. त्यात शहराच्या पतीइतकाच त्या त्या वर्षीच्या बाजारातील व्याजदराचाही हात असतो. केंद्र शासनही ‘अमृत’ योजनेत रोखे काढणाऱ्या शहराला प्रत्येक 100 कोटींमागे 13 कोटी प्रोत्साहन म्हणून देत असे. म्हणजे कर्ज काढल्याचेही बक्षीस! लेखापरीक्षकाच्या पोटात अशा वेळी थोडे गोळा येतो.

या व्यवहाराची एक बाजू जाहिरातीत दिसत नाही. रोखे विकले जावेत म्हणून धनकोला विश्वास द्यावा लागतो, आणि तो बहुधा असा दिला जातो की शहराच्या स्वतःच्या कराचे उत्पन्न आधी एका राखीव खात्यात पडते, त्यातून हप्त्याची रक्कम बाजूला निघते आणि उरलेला पैसा बाकीच्या खर्चाकडे जातो. धनकोच्या बाजूने ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु पंगतीत ज्याला पहिल्यांदा वाढले जाते त्याच्यामागे शेवटचा कोणीतरी असतोच. शहराच्या पंगतीत शेवटी बसतो तो जमिनीखालचा जुना पाइप.

2025 च्या डिसेंबरअखेर आमच्याच शहरात, भागीरथपुऱ्यात, नळाच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसे दगावली. देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिरवणाऱ्या इंदुरात हे घडले. डोंगर चढून आलेली नर्मदा शेवटच्या काही हातांच्या अंतरात नासली. तेव्हापासून त्या 720 कोटींच्या अर्जांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहतो. सौर पट्ट्यांसाठी पैसे देणाऱ्यांची रांग लागली, कारण तेथे बचत मोजता येते. गल्लीतील पाइप बदलला तर वाचतो तो ताप, जुलाब, आणि कधी एखादा जीव. त्याची नोंद निगमाच्या जमेच्या बाजूला कुठेच पडत नाही. म्हणून त्याच्यासाठी रोखे काढले तरी फेड करातूनच करावी लागणार. आणि करवाढ म्हटली की आपण सारे, मी धरून, नगरसेवकाच्या दारी उभे. चाळीस वर्षांपूर्वीच्या भाड्यावर बेतलेली घरपट्टी भरणारी जुनी घरे आपल्यात थोडी नाहीत. रोख्यावर सव्वाआठ टक्के हवेत आणि घरपट्टी आजोबांच्या काळची हवी, या दोन मागण्या एकाच तोंडाने होतात.

माईंनी अखेर 10,000 रुपये गुंतवले. मोह व्याजाचा होता, त्या तो लपवीतही नाहीत. दर सहामाहीस 412 रुपये 50 पैसे. पण या गुंतवणुकीने त्यांच्यात एक फरक पडला, तो मला महत्त्वाचा वाटतो. पूर्वी निगमाविषयी त्या तक्रार करीत. आता चौकशी करतात. “माझे पैसे लागलेत तिथे,” असे म्हणतात. खरे तर घरपट्टीच्या रूपाने त्यांचे पैसे पन्नास वर्षे लागतच होते, पण त्यांना कोणी कधी त्याचा कागद दिला नव्हता.

भागीरथपुऱ्याच्या बातम्यांनंतर एके सायंकाळी त्यांनी विचारले, “भाऊ, आपल्या गल्लीतला पाइप किती जुना आहे हो?” मला ठाऊक नव्हते. बैठकीत कोणालाच नव्हते. एक म्हणाले नर्मदा आली तेव्हाचा, दुसरे म्हणाले त्याच्याही आधीचा, होळकरशाहीतला. तेव्हा पाइप कोणत्या वर्षी टाकला, तो गटाराच्या वाहिनीपासून किती अंतरावर आहे आणि बदलण्याच्या कोणत्या यादीत आहे काय, एवढे तीन प्रश्न लिहून झोन कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज द्यायचे ठरले. मसुदा मी केला. सही माईंची. धनको म्हणून रोख्याचा क्रमांकही अर्जात घालावा असा त्यांचा आग्रह होता. नियमाने त्याची काही गरज नाही असे मी पुष्कळ सांगितले, पण तो त्यांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलाच.