अप, डाउन आणि किलोमीटर

दुर्ग-भिलाईच्या मराठीत ‘अप-डाउन’ हे जवळजवळ क्रियापद आहे. ‘तो रायपूरला अप-डाउन करतो’ म्हणजे रोज ये-जा करतो. त्यातलं अप कुठलं आणि डाउन कुठलं, हे कुणी विचारत नाही. माझे बाबा मरोद्याहून दल्ली-राजहराला बरीच वर्षं असं अप-डाउन करत. दुर्गहून राजहऱ्याला जाणाऱ्या लाइनवरच मरोदा स्टेशन आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तिच्यासारख्या भट्ट्यांचं पोट राजहऱ्याच्या लोहखनिजावर भरत आलं. बाबा तिथल्या खाणीत होते. लाल धूळ, डंपर आणि खांद्याला लावलेला वॉकी-टॉकी, एवढंच मला त्यांच्या नोकरीतलं लहानपणी कळायचं.

मागच्या वर्षी हे सगळं पुन्हा निघालं, कारण माझी भाची. ती कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रिन्स जॉर्जला वनशास्त्र शिकते. उन्हाळ्यात झाडांची मोजदाद करायला तिला जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवरून पिकअप चालवत जायचं होतं. हे रस्ते लाकूड, खनिज, तेल-वायू आणण्यासाठी काढलेले. बरेचसे एकाच गाडीच्या रुंदीचे, वळणं आंधळी, फोनला रेंज नाही, आणि समोरून ओंडक्यांनी भरलेला ट्रक. तिला हातातला रेडिओ घ्यायचा होता. ‘आजोबांना विचार, कुठला चांगला?’ ताईचं म्हणणं वेगळंच होतं: मुळात जायचंच कशाला? त्यामुळे रेडिओची निवड ही आमच्या घरात नुसती खरेदी राहिली नव्हती. उत्तर समाधानकारक नसतं, तर ताईनं तिला जाऊ दिलं नसतं, निदान सुखानं तरी नाही.

बाबांनी ब्रँडचं नावही काढलं नाही. ‘कुठला चांगला ते सोड. तिथले ट्रकवाले कशावर बोलतात ते विचार तिला.’

अनुवादाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या मला हे वाक्य फारच ओळखीचं वाटलं. भाषा सुंदर आहे म्हणून कुणी त्या भाषेत हाक मारत नाही. ऐकणाऱ्याला ती येते म्हणून मारतो. आणि ब्रिटिश कोलंबियातले ट्रकवाले व्हीएचएफवर बोलतात, साधारण 150 ते 174 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथे या रस्त्यांसाठी आरआर-1 ते आरआर-35 असे 35 सामाईक चॅनल ठरवलेले आहेत. रस्त्याच्या तोंडाशी पाटी असते: रस्त्याचं नाव, चॅनल, आणि कुठे-कुठे बोलायचं त्याच्या सूचना. दुकानात पाकिटात मिळणारे जोडीचे छोटे रेडिओ 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर चालतात. बॅटरी भरलेली, दिवा हिरवा, आवाज खणखणीत, आणि त्या ट्रकवाल्यापर्यंत एक अक्षर पोचणार नाही. मुकं असण्यापेक्षा हे जास्त धोक्याचं, कारण आपण बोललो असं वाटतं.

इथूनच एक घेऊन पाठवावा, ही सूचना शेजारून आली. आपल्याकडे 2018 पासून 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात. पण कॅनडात तो पट्टा हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे तिथेही ट्रकवाला नाहीच. स्वस्तातले, सगळीकडे ट्यून होणारे सेटही भाचीला दिसले होते. त्यांच्यावर बाबांचा राग होता तो अशासाठी, की चालत्या गाडीत चुकून बटण दाबलं गेलं तर फ्रिक्वेन्सीच हलते. शिवाय हे चॅनल वापरायला तिथे परवाना लागतो आणि सेटही त्या कामासाठी प्रमाणित असावा लागतो. तेव्हा ठरलं ते असं: प्रमाणित व्हीएचएफ सेट, चॅनल दुकानदारानं भरून दिलेले, फिरवायला एकच खटका, जादा बॅटरी.

मग बाबांनी विचारलं, ‘बोलणार कुठून? गाडीत बसून?’ हातातला सेट पाच वॉटचा. पत्र्याच्या पेटीत बसून बोललं की त्यातलं बरंचसं पेटीतच राहतं. म्हणून गाडीला टपावर अँटेना आणि आत बसवलेला मोठा सेट हवा. तो तिच्या विभागाच्या गाडीत होताच. हातातला सेट गाडीतून उतरून काम करताना कामाचा. म्हणजे ज्या वस्तूवर आम्ही आठवडाभर खल केला ती दुय्यम होती. बाबांना त्याचं काही वाटलं नाही.

भाचीनं पाठवलेली सूचनापत्रिका मी बाबांसाठी मराठीत उतरवत होते, तेव्हा ‘अप’पाशी अडले. तिथे अप म्हणजे किलोमीटरचे आकडे वाढत जातात ती दिशा, मग रस्ता दरीत उतरत का असेना. डाउन म्हणजे आकडे कमी होतात ती. मुंबईच्या मध्य रेल्वेवर नेमकं उलट: किलोमीटर सीएसएमटीपासून मोजतात आणि अप गाडी सीएसएमटीकडे, म्हणजे शून्याकडे जाते. ‘चढती-उतरती’ लिहिलं असतं तर वाचणाऱ्यानं डोंगराकडे पाहिलं असतं. मी ‘अप’ तसंच ठेवलं आणि पुढे लिहिलं: आकडा वाढता. अनुवाद म्हणून ओबडधोबड आहे, पण समोरून चाळीस टन येत असताना मला डौल नको होता.

हाकेत चार गोष्टी: रस्ता, किलोमीटर, अप की डाउन, गाडी कुठली. नाव नाही. ताईला हे खटकलं. ‘ती कोण आहे हे तरी सांगू देत की!’ बाबा म्हणाले, ‘डंपरच्या वर बसलेल्याला खाली शेजारी उभी असलेली जीपसुद्धा दिसत नाही गं. त्याला तुझी मुलगी नको, किलोमीटर पाहिजे.’ आणि ऐकायचं जास्त, बोलायचं कमी. आणि आपण बोललो म्हणून समोरच्यानं ऐकलंच असं धरून वळण घ्यायचं नाही.

ताईचा खरा प्रश्न शेवटी आला: गाडी बंद पडली तर या रेडिओवर कोण धावून येईल? बाबांनी उत्तर दिलं नाही, भाचीनं दिलं. त्या चॅनलवर कुणी नेमलेला ऐकणारा नसतो. जवळून ट्रक जात असेल तर जात असेल. त्यासाठी उपग्रहावरून निरोप देणारं यंत्र वेगळं, आणि ठरल्या वेळी खबर न आल्यास शोध सुरू करणारा माणूस वेगळा. एकट्यानं काम करणाऱ्याची अशी खबर घेणं तिथल्या नियमांनुसार मालकाचं काम आहे.

ताईनं त्या माणसाचा नंबर मागून घेतला. वेळेतला फरक मोजून, तिची खबर द्यायची वेळ इथे पहाटेची येते, हे तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.