कुठलं शीत, कुठला भात

शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण ही म्हण एक गोष्ट गुपचूप गृहीत धरते: भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजतो आहे. तेवढं असलं की चार शितं बोटांत चुरडून पाहिली तरी पुरतं. जनमत चाचणीचं शास्त्र शेवटी हेच करतं, फक्त शितं कुठून उचलायची याचे त्याचे नियम कडक. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं 2013 साली जगभरच्या मुसलमानांच्या मतांचा मोठा अहवाल काढला, तेव्हा 39 देशांत 38 हजारांहून जास्त लोकांना समोर बसून प्रश्न विचारले होते. शरियत हा देशाचा अधिकृत कायदा असावा का, याला अफगाणिस्तानात 99 टक्के हो म्हणाले, पाकिस्तानात 84, तुर्कस्तानात 12 आणि अझरबैजानात 8. आता 99 आणि 8 यांची सरासरी काढून ‘मुसलमानांचं मत’ सांगणारा माणूस एका चुलीवरचा करपलेला भात आणि दुसरीवरचे कच्चे तांदूळ कालवून ताट वाढतो आहे. आणि तरी हे ताट रोज वाढलं जातं, मुसलमानांच्या टीकाकारांच्या आणि कैवाऱ्यांच्या, दोन्ही पंगतींत.

पण भांडी वेगळी आहेत एवढं म्हणून सुटता येत नाही. कुणीही म्हणेल, नको असलेला आकडा आला की तुम्हाला भांडं आठवतं. त्याच अहवालात इजिप्तमध्ये धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड द्यावा म्हणणारे 86 टक्के आहेत. हा आकडा फिरतो तो शेपूट तुटलेल्या अवस्थेत, कारण ते 86 टक्के शरियत हवी म्हणणाऱ्यांपैकी, आणि तसे म्हणणारे 74 टक्के. दुरुस्ती केली पाहिजेच. पण 74 चे 86 टक्के म्हणजे शंभरात किमान 63-64 माणसं उरतातच, आणि ही संख्या हिशेब नीट मांडल्यानं सौम्य होत नाही. इजिप्तच्या भांड्यातलाच हा भात आहे, तो तसाच शिजला आहे.

मग आच कुणाची? माझा ओढा सरकार नि कायद्याकडे जातो. अझरबैजाननं सोव्हिएत राजवटीची सत्तर वर्षं काढली. तुर्कस्ताननं 1926 सालीच स्विस धर्तीचा नागरी कायदा आणला, त्यात मुलगा-मुलगी वारसाहक्कात समान. प्यूच्या त्याच पाहणीत तिथले 88 टक्के मुसलमान या समान वाट्याला हो म्हणाले. ट्युनिशिया तर मुद्दाम बेतल्यासारखं उदाहरण. तिथले तेव्हाचे पंतप्रधान बुर्गिबा यांनी 1956 च्या कायद्यानं बहुपत्नीत्व बंद केलं, वारसाहक्क मात्र जुन्या वळणावरच ठेवला. प्यूच्या पाहणीत तिथले 67 टक्के लोक बहुपत्नीत्व अनैतिक मानत होते. मुलीला समान वाटा द्यावा म्हणणारे फक्त 15. त्याच घरात, त्याच माणसात, कायद्यानं जिथे हात घातला तिथे मत बदललं आणि जिथे घातला नाही तिथे जागचं हललं नाही. इतकं नेटकं जुळतं की संशय यावा. बुर्गिबांनी वारसाहक्काला हात लावला नाही तो लोक ऐकणार नाहीत हे ओळखून, असंही म्हणता येतं. मग आच भाताची झाली आणि चूल नुसती निमित्ताला. 2018 साली राष्ट्राध्यक्ष एसेब्सींनी समान वाट्याचा प्रस्ताव आणला, त्याचा कायदा झालाच नाही.

आणि इराण तर ही म्हणच मोडतो. शीत बोलत नाही, त्याला कोण चुरडतंय याची पर्वा नसते. माणसाला असते. 2020 च्या सुमारास जागतिक मूल्य सर्वेक्षणात 96 टक्क्यांच्या वर इराणींनी स्वतःला मुसलमान म्हटलं. 2020 मध्येच गमान या नेदरलँड्समधल्या संस्थेनं इंटरनेटवर, नाव न विचारता पाहणी केली, तर शिया म्हणवणारे 32 टक्के निघाले. आणि जरथुष्ट्री म्हणवणारे 8! इराणच्या जनगणनेत जरथुष्ट्री पंचवीस हजारांच्या आसपास. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत याच धर्माचे पारशी 57,264. यझ्द आणि केरमानहून मुंबईत येऊन चहा-ब्रून मस्का विकणाऱ्यांच्या धर्माला त्यांच्या मूळ देशात एकाएकी लाखांनी अनुयायी मिळाले म्हणायचे. अग्यारीत कधी पाऊल न टाकलेल्या या माणसांनी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. तो रकाना म्हणजे चाळीस वर्षांच्या राजवटीला उलट उत्तर देण्याची जागा झाली असावी. पण मग समोर बसून दिलेलं 96 हे कुणाला दिलेलं उत्तर? आणि अशी शंका इराणपुरतीच का घ्यायची? ट्युनिशियातले 67 टक्केही कदाचित शाळेत शिकवलेलं उत्तरच देत असतील.

भारतात येऊन तरी काही हाती लागावं. 1966 च्या एप्रिलमध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत मोर्चा काढला, त्यात सात मुस्लिम बायका होत्या. तोंडी तलाक बंद करा ही त्यांची एक मागणी. तेव्हा कुणी चाचणी घेतली असती तर त्या सात जणी शून्याच्या पुढच्या दशांशात हरवल्या असत्या. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनानं दहा राज्यांत 4,710 बायकांना विचारून 2015 मध्ये अहवाल काढला, त्यात 92 टक्के तोंडी तलाकच्या विरुद्ध. प्यूनं 2019-20 मध्ये विचारलं तेव्हा पुरुषाला असा तलाक देता येऊ नये म्हणणारे मुसलमान 56 टक्के, बायकांत 61. पण तोंडी तलाकवर बंदी घालणारा कायदा आला जुलै 2019 मध्ये, आणि प्यूची माणसं दारोदार गेली त्यानंतर. हे 56 टक्के कायद्यानं घडवले, की सात जणींपासून निघालेली वाट चालत कायद्यापर्यंत पोचले, ते या एका आकड्यातून निघत नाही. शिवाय त्याच पाहणीत 74 टक्के मुसलमानांना कौटुंबिक तंट्यांसाठी आपली धार्मिक न्यायालयं हवी होती. बेरीज केली तर शंभरातले किमान तीस जण दोन्ही एका दमात म्हणतात. त्यांना यात विसंगती दिसतच नसेल; काझीसमोर जायचं आणि काझीनंच तोंडी तलाक नाकारायचा, असं काही त्यांच्या मनात असू शकतं. पण हा प्रश्न त्या यादीत नव्हता.