निळा त्रिकोण कुणाचा?

एकत्र कुटुंब विभक्त होते, तेव्हा भांडी, दागिने, जमीन यांची वाटणी करता येते. पण जी वस्तू एकच आहे आणि जिच्यावर सर्वांची माया आहे, तिचे काय करायचे? चेकोस्लोव्हाकियाच्या ध्वजाची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे.

बाटाचे बूट आणि जावा मोटारसायकल यांचे मूळ गाव म्हणून हा देश आपल्याकडे अनेकांना ऐकून ठाऊक होता. चेक आणि स्लोव्हाक या दोन स्लाव्ह समाजांचा हा देश २८ ऑक्टोबर १९१८ रोजी जन्माला आला. सुरुवातीचा ध्वज चेक लोकांच्या जुन्या बोहेमिया राज्याचा होता. वर पांढरा पट्टा, खाली लाल. बोहेमियाच्या राजचिन्हात लाल ढालीवर चंदेरी सिंह आहे, त्यातूनच हे रंग आले. पण शेजारच्या पोलंडचा ध्वजही तसाच! शिवाय त्यात स्लोव्हाकांची खूण कुठे होती? म्हणून ३० मार्च १९२० रोजी दांड्याच्या बाजूला निळा त्रिकोण जोडण्यात आला. स्लोव्हाकियाच्या चिन्हातल्या तीन टेकड्यांचा हाच निळा रंग. धाकट्या भावाला घरात हक्काची जागा मिळाली म्हणा ना!

या ध्वजाने पुष्कळ सोसले. १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा आल्या आणि तो उतरला, १९४५ मध्ये पुन्हा चढला. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा निःशस्त्र तरुण हाच ध्वज घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

१९९२ मध्ये मात्र वेगळे व्हायचे ठरले. जनमत घेतलेच नाही. वाक्लाव क्लाउस आणि व्लादिमिर मेचियार या दोन पंतप्रधानांनी बोलणी केली. मालमत्ता साधारण दोनास एक या प्रमाणात वाटली गेली. जुन्या संघराज्याची चिन्हे दोघांपैकी कुणीही वापरू नयेत, असे २५ नोव्हेंबरच्या कायद्यातच लिहिले होते. तरीही १७ डिसेंबरला चेक राष्ट्रीय परिषदेने तोच ध्वज आपला म्हणून स्वीकारला. स्लोव्हाकांनी सप्टेंबरमध्येच आपल्या राज्यघटनेत वेगळा ध्वज ठरवला होता : पांढरा, निळा, लाल पट्टे आणि त्यावर दुहेरी क्रूस. १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश झाले, रक्ताचा थेंबही न सांडता.

आमच्या घरच्या वाटण्या झाल्या, तेव्हा कुलदैवताचे टाक रिवाजाप्रमाणे थोरल्याकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे राहिले. काकांनी सोनाराकडून नवे टाक घडवून घेतले. तक्रार कुणीच केली नाही. पण निघताना काकू देवघरापुढे जरा जास्त वेळ उभी राहिली, ते मी पाहिले होते. तेव्हापासून मला वाटते, जो ठेवून घेतो, त्याच्याकडे दुसऱ्याची आठवणही ठेव म्हणून राहते.

चेक लोकांनी कायद्याचा शब्द मोडला, हे खरेच. पण सत्तर वर्षांहून अधिक काळ उराशी धरलेला ध्वज पेटीत घालायला मन कसे धजावे? मला खटकते ते वेगळेच. आता पुष्कळ जण निळा रंग मोराव्हिया या चेक प्रांताचा, असा अर्थ लावतात. तिथल्या गरुडाची ढाल निळीच आहे, म्हणून तो चुकीचाही नाही. पण नव्या अर्थाने जुना अर्थ पुसला जाऊ नये.

दोन्ही देश २००४ मध्ये युरोपीय संघात गेले. २००७ च्या डिसेंबरात त्यांच्या सीमेवरची नेहमीची पासपोर्ट तपासणीही बंद झाली. विभक्त झालेल्या भावांचे येणेजाणे पुन्हा मोकळे झाले. अशा वेळी चेक घरातल्या एखाद्या मुलाने निळ्या त्रिकोणाकडे बोट दाखवून ‘हा कशाचा?’ असे विचारले, तर मोठ्यांनी त्याला मोराव्हियाचे नाव अवश्य सांगावे. पण त्याआधी स्लोव्हाकियाचे सांगावे.