पाच मार्च की तीन मे?

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. एम. ए. च्या लघुप्रबंधांची यादी परीक्षा विभागाकडे पाठवायची होती. मुदत ३१ मार्चची. आम्ही मराठी विभागातले दोघे. एक्सेलशी आमचा परिचय जुजबीच. तरीही नोंदवहीतल्या तारखा तक्त्यात उतरवून शेजारच्या स्तंभात सूत्र घातले : तारीख ३१ मार्चची किंवा त्याआधीची असेल तर 'वेळेत', नसेल तर 'उशिरा'. बहुतेक विद्यार्थी उशिरा ठरले. विद्यार्थ्यांविषयीच्या आमच्या मताशी हा निकाल इतका जुळत होता की, आम्हांला त्याचे नवलही वाटले नाही.

यादी फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी आली. "सर, मॅडम, मी तर पाच मार्चलाच प्रबंध दिला होता." आम्ही तिच्याकडे पोच मागितली. तिने ती दाखवली. खाली सही आमच्यातल्याच एकाची होती.

मग तक्ता नीट पाहिला. काही तारखा चौकटीत उजवीकडे होत्या, काही डावीकडे. हाच काय तो सुगावा. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ५/३ ची ३ मे झाली. २५/३ चे काय? पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख न राहता नुसता मजकूर झाली. आणि एक्सेलच्या तुलनेत मजकूर कोणत्याही संख्येहून मोठाच. दोन्ही 'उशिरा'. उलट २ एप्रिलला आलेला प्रबंध ४ फेब्रुवारीचा ठरून 'वेळेत' जाऊन बसला होता.

तारखांचे बाह्य रूप बदलून काही साधेना. वेष पालटला तरी तीन मे ती तीन मेच. अखेर नोंदवही पुन्हा उघडली, दिवस, महिना आणि वर्ष तीन स्तंभांत लिहिले आणि त्यांतून तारीख घडवली.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेली संख्या. म्हणजे केशवसुतांचा १९०५ मधला मृत्यू त्याला मोजता येतो. १८६६ मधला जन्म मात्र मजकूरच राहतो. हे कळले तेव्हा आम्ही हसलो, पण फार वेळ नाही. एकाच चिन्हाचे दोन वाचकांना दोन अर्थ लागतात, हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. आणि प्रसंग आला तेव्हा यंत्राचे वाचन तपासण्याआधी आम्ही मुलीची पोच तपासली.

सुधारलेली यादी लावली. त्याच दिवशी वर्गात, सर्वांसमोर, तिची क्षमा मागितली.