चौदा महिने वजा होतात का?

गेल्या दिवाळीत निपाणीला गेलो, तेव्हा गल्लीतल्या आक्का कोर्टाचे कागद घेऊन आल्या. "तू इंजिनिअर हैस की. माझ्या पोराला किती दिवस आत बसावं लागंल, हिशोब करून सांग बघू."

मुलावर मोटारसायकल चोरीचा गुन्हा शाबीत झाला होता. जामीन मिळेपर्यंत 19 दिवस तो हिंडलग्याच्या तुरुंगात होता. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले. चौदा महिने सरळ गेले. मग शिरोली एमआयडीसीत काम मिळाले आणि तो कोल्हापुरात खोली घेऊन राहिला. कोगनोळी नाका ओलांडला म्हणजे परराज्यात गेलो, असे आपल्याकडे कुणाला वाटते? पण न विचारता पत्ता बदलायचा नाही, ही अट कागदावर होती. कागद कन्नडमध्ये. घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता. शाळेत शिकलेल्या कन्नडवर मी तो अक्षर लावत वाचला.

लॅपटॉपवर तक्ता मांडला. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे. समजा सहा महिने दिले, म्हणजे साधारण 182 दिवस. आक्का म्हणाल्या, "चौदा महिने हजेरी लावली, ती वजा कर." मीही तेच करणार होतो. ओळखीच्या वकीलकाकांनी फोनवर थांबवले. "बाहेर काढलेले दिवस वजा होत नाहीत रे. निकालाआधी कोठडीत काढलेले तेवढेच होतात." पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 मध्ये आहे. म्हणजे 182 वजा 19, उरले 163. आक्का गप्प बसल्या. फेब्रुवारीत मुलीचे लग्न होते.

मग काका म्हणाले, "पण अट मोडायची पहिलीच वेळ ना? कलम 9 वाच. मूळ गुन्ह्याची शिक्षा द्यायची, की पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवायचे, हे न्यायाधीश ठरवतात."

कारखान्याचे पत्र आणि खोलीचा करार जोडून अर्ज दिला. कोर्टाने 50 रुपये दंड केला, नवा पत्ता नोंदवून घेतला. लग्नात पोरगा पंगतीत वाढत होता.

माझ्या तक्त्यात पन्नास रुपयांना रकानाच नव्हता. वाचकहो, घरात असा कन्नड कागद आला, तर सही करण्याआधी कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या. आक्कांचा कागद मी चौदा महिने आधी वाचायला हवा होता.